डमी आवाज

४ फेब्रुवारी

आज भट्टीवालीने मला माझंच अक्षर दाखवलं.

नीट लिहितो. भट्टीवाली म्हणजे आमच्या रेडिओच्या ध्वनिसंग्रहातली तंत्रज्ञ. जुन्या टेप चिकट होतात, म्हणून वाजवण्याआधी त्या आठ तास मंद आचेवर शेकाव्या लागतात. ते काम तिचं, आणि हे नाव मी ठेवलेलं. तिने ते मनावर घेतलेलं नाही. शेकलेली टेप ती संगणकात उतरवते आणि मी ऐकून सांगतो की डब्यावरचं नाव आणि आतला आवाज एकाच माणसाचे आहेत की नाहीत. निवृत्तीनंतरही मला ठेवलंय ते एवढ्यासाठीच. अडतीस वर्षांत कितीतरी आवाज मी त्यांच्या नावापाशी नेऊन पोचवलेत, विशेषतः कव्हरवाल्यांचे. प्रसिद्ध बँडचं गाणं दुसरा कुणी जीव तोडून गातो, आणि लोक डब्यावर बँडचं नाव टाकून मोकळे होतात. गाणारा बिचारा गेला बाराच्या भावात.

तर जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल पुढे केला. "सर, हे ऐकलंत का? सगळीकडे हेच चाललंय." जुन्या रॉक बँडचं एक हरवलेलं रेकॉर्डिंग सापडलं म्हणे. बँडचं नाव लिहीत नाही, शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. गाणं दिव्याच्या खांबाचं. सहा लाख लोकांनी ऐकलंय. सोबत टेपच्या डब्याचा फोटो: गाण्याचं नाव, खाली बँडचं नाव, निळ्या शाईत, जरा तिरकं.

ते अक्षर माझं आहे. एकोणिसाव्या वर्षीचं.

मोबाइल तिच्या हातातून घेतला. कानाला लावून ऐकलं. पहिल्या कडव्यातच ओळखलं. बँडबिंड काही नाही, हा आमचा दादा.

५ फेब्रुवारी

आज कामात लक्ष नव्हतं. दोन टेप ऐकल्या आणि दोन्ही परत ऐकाव्या लागल्या.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दिवसा पत्र्याच्या कारखान्यात, संध्याकाळी बँड. गिटारवाला, ड्रमवाला, दादा गायला, आणि मी वायरी गुंडाळायला. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवायची, समारंभात पाहुण्यांना नाचवायचं, एवढाच उद्योग. मग एका छोट्या स्टुडिओच्या मालकाने एक दिवस फुकट दिला. मोबदल्यात मी त्याच्या डब्यांवर नावं लिहायची. त्याची पद्धत ठरलेली होती. डब्यावर गाण्याचं नाव आणि मूळ गाणं कुणाचं ते. गाणाऱ्याचं नाव आतल्या चिठ्ठीवर, तेही सगळं पक्कं झाल्यावरच. आमच्या डब्यातली चिठ्ठी मी कोरी ठेवली होती, कारण दादा अजून यायचा होता.

दुपारी वादकांचं वाजवून झालं. त्यांना गाण्याची वाट कळावी म्हणून डमी मी म्हटला. डमी म्हणजे नुसतं म्हणून ठेवणं. नंतर तो पुसतात आणि त्या जागी खरा गायक गातो. माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून मी घरी गेलो. दादा पाळी संपवून स्टुडिओत गेला. घरी आल्यावर मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं."

त्यानंतर तो कधीही गायला नाही. ना समारंभात, ना घरात. का, ते कुणालाच सांगितलं नाही. बँड महिनाभरात मोडला.

मला त्याचा राग कधी गेला नाही. ज्याला गळा होता त्याने पत्रे वाकवले, आणि ज्याला नव्हता तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यांच्या नोंदी करत बसला. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी हे सगळ्या नातेवाइकांसमोर बोललो. देवाने गळा दिला आणि तू तो मातीत घातलास, असं. तो उठून गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

८ फेब्रुवारी

ते रेकॉर्डिंग ज्याने लावलंय त्या संग्राहकाला परवा सविस्तर लिहिलं. आज उत्तर आलं. बंद पडलेल्या स्टुडिओचं भंगार त्याने घेतलं, त्यात हा डबा निघाला. एक मार्चला तो याची तबकडी काढणार आहे, बँडच्या नावाने. "असा दावा करणारे तुम्ही चौदावे आहात," असं त्याने लिहिलंय. "अक्षरावरून डबा तुमचा ठरेल, आवाज ठरणार नाही. त्या दिवशी खोलीत असलेल्या माणसाचं हाताने लिहिलेलं निवेदन आणा. मग बघू."

राग आला, पण हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवत आलोय.

ड्रमवाला गेला, गिटारवाला गेला, स्टुडिओचा मालक तर केव्हाच गेला. उरला दादा.

लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचलं. दुसऱ्या कडव्यानंतर गायक थांबतो. सगळी वाद्यं पुढे निघतात, आणि तो येतच नाही. मग अर्ध्या मात्रेने उशिरा उचलतो. त्या थांबण्यावर लोक वेडे झालेत. एकीने लिहिलंय की तिथे माझा श्वास अडकतो. एका मास्तरांनी त्यावर लेख लिहिलाय, असं थांबायला धाडस लागतं म्हणून. बरोबर आहे. दादा तसाच होता, कुणाची घाई नसल्यासारखा.

११ फेब्रुवारी

भट्टीवालीने चांगल्या कर्ण्यांवर ते लावलं. मोबाइलवर ऐकू न आलेलं बरंच काही ऐकू आलं. गाण्याच्या आधी गायक दोनदा खाकरतो, हुं हुं, आणि मग सुरू होतो.

ती म्हणाली, "सर, तुम्हीपण बोलण्याआधी दोनदा खाकरता."

"घराण्याचीच खोड आहे," मी म्हटलं. "दादाचीही असणार."

ती काहीतरी बोलणार होती, पण मी दादाच्या गळ्याबद्दल सुरू झालो आणि तिने ऐकून घेतलं. लहानपणी आई आतून हाक मारायची आणि आमच्यापैकी कुणी ओ दिली ते तिला कळायचं नाही, हेही सांगितलं. बरंच बोललो. घरी आलो आणि लक्षात आलं की आठवडाभरात माणसाशी बोललो ते तेवढंच.

फोन करायचा ठरवलंय. स्वतःसाठी नाही. त्याचं नाव लागायला हवं म्हणून.

१२ फेब्रुवारी

केला. वहिनीने उचलला. माझा आवाज ओळखून म्हणाली, "भावोजी, बरे आहात ना?" तिने जुना विषय काढला नाही. मी म्हटलं, दादाला दे. ती म्हणाली, "हे फोनवर येत नाहीत हल्ली."

"माझ्याशीच ना?"

"तसं नाही हो भावोजी. कुणाशीच नाही."

कळतं मला. नसेल यायचं तर नको येऊ. मी काही दारात उभा नाही. पण एक तारखेला सतराच दिवस उरलेत.

१५ फेब्रुवारी

पुन्हा केला. यावेळी वहिनीला म्हटलं, बोलू नको म्हणावं त्याला, नुसतं ऐक म्हणावं. तिने "अहो भावोजी, पण," असं काहीतरी केलं. मी म्हटलं, एवढं कर. तिने फोन त्याच्या कानाला लावला. मी कर्ण्याशी फोन धरून अख्खं गाणं लावलं. पलीकडून नुसता श्वास. ते थांबायचं ठिकाण आलं, गेलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल.

गाणं संपलं आणि तो ओरडला, "कोण आहे? अगं, कोण आहे फोनवर?" इतक्या मोठ्याने की मी फोन कानापासून लांब केला. मग फोन बंद झाला.

स्वतःचा आवाज ओळखला नाही म्हणे. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार. अकरा वर्षांचा राग त्याने एका ओरडण्यात काढला. काढ बाबा.

दिवसभर कुणाशी बोललो नाही. चहा करताना सवयीने दोघांचं पाणी ठेवलं. ही सवय कुठली तेच कळत नाही, मी तर कायम एकटाच राहिलो.

१९ फेब्रुवारी

वहिनीचा निरोप आला. "भावोजी, तुम्ही या. हे फोनवर होणार नाही. जेवायलाच या."

नाक मुठीत धरून जावं लागणार. भट्टीवालीला सांगितलं, रविवारी भावाकडे जातोय. ती म्हणाली, "आधीच जायला हवं होतं." लहान तोंडी मोठा घास, पण चिडलो नाही.

२२ फेब्रुवारी

आत्ताच परत आलो. चार तास बसमध्ये काय लिहायचं ते ठरवत होतो. आता ते काहीच आठवत नाही. झालं तसं लिहितो.

दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी दारातून हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही. तोंड फिरवायचं होतं तर बोलावलं कशाला, असं म्हणून मी पायात परत चप्पल घालायला लागलो. वहिनीने जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा तो वळला आणि एकदम उठलाच. "अरे! किती वाळलास!" शेजारच्या घरात ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

वहिनी म्हणाली, "भावोजी, समोर बसा आणि सावकाश बोला. ओठ दिसले की यांना कळतं. ऐकू येत नाही, नऊ वर्षं झाली."

पस्तीस वर्षं पत्र्याच्या यंत्रासमोर. आधी एक कान, मग दुसरा.

"मला कळवलं का नाहीस?"

"हेच नको म्हणाले. म्हणाले, त्याचं सगळं आयुष्य आवाजात गेलं, त्याला बहिरा भाऊ कशाला सांगतेस."

मी फोनवर त्याला अख्खं गाणं ऐकवलं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. मी कागदावर सगळं लिहून त्याच्यापुढे ठेवलं. डबा, सहा लाख लोक, एक तारीख, तुझं नाव. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "दुसऱ्या कडव्यानंतर तो थांबतो का?"

मी मान हलवली.

"किती?"

मी टेबलावर बोटाने ठोके दाखवले आणि शेवटचा रिकामा सोडला. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"मग तो मी नाही," तो म्हणाला. "तो तू आहेस."

मी म्हटलं, डमी पुसला होता.

"नाही पुसला. मी पुसू दिला नाही." तो आता मोठ्याने बोलत नव्हता. "तालमीत मी पुढे उभा राहायचो आणि तू मागून म्हणायचास. त्या जागी तुझी मोजणी कायम चुकायची. म्हणून मी मान डोलवायचो, मग तू उचलायचास. आठवतंय? त्या दिवशी मी नव्हतो. तू माझ्या मानेची वाट पाहिलीस, आणि कुणी हलवली नाही तेव्हा घाबरून उचललंस. ऐकल्या ऐकल्या कळलं मला."

"मग तू गायलास कधी?"

"गायलोच नाही. मालक म्हणाले, हा पुसतो आणि तुझा घेतो. मी म्हटलं, आधी एकदा लावा. तीनदा लावायला लावलं. मग म्हटलं, हे असंच ठेवा. आणि घरी आलो."

"मला तर म्हणालास, झालं."

"झालंच होतं की रे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कळलं नसेल म्हणून मी परत विचारलं.

"कळलं मला," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू गायला लागला असतास. आणि मला त्याच घरात बसून ते ऐकावं लागलं असतं. मी चोवीस वर्षांचा होतो. नाही जमलं मला." मग म्हणाला, "आई गेली तेव्हा तू बोललास ना, गळा मातीत घातला म्हणून. काय उत्तर देणार होतो? गळा तुझा होता."

कागद त्यानेच मागून घेतला. गाणारा माझा धाकटा भाऊ आहे, असं लिहिलं आणि सही केली. वहिनीने तोपर्यंत ताटं वाढली होती. मी जेवलो नाही. रस्त्यापर्यंत तो मागून हाका मारत आला. मी वळलो असतो तरी माझे ओठ त्याला त्या अंतरावरून दिसले नसते.

२४ फेब्रुवारी

कामाला गेलो नाही. लिहितो आणि खोडतो.

एक वाक्य लागलं असतं. तू बरं गातोस, एवढंच. पंचेचाळीस वर्षांत त्याला ते एकदाही जमलं नाही. मी त्याच्या गळ्याचं कौतुक करत जगलो आणि तो ते ऐकत राहिला. तेव्हा कान शाबूत होते.

गायलो असतो का मी? माहीत नाही. कदाचित दोन समारंभ करून थांबलोही असतो. पण ते माझं मला ठरवू द्यायला हवं होतं.

आणि मी तरी काय केलं? आवाज ओळखायचा पगार घेतला अडतीस वर्षं.

२६ फेब्रुवारी

भट्टीवालीला सांगितलं. वाटलं होतं, तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "सर, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला गेले होते. खाकरण्याचं म्हटलं तर तुम्ही घराण्याची खोड म्हणालात. आणि भावाबद्दल इतकं बोलत होतात, मला ते थांबवावंसं वाटेना." मग हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, सर."

हसू मलाही आलं. मग तिने ते परत लावलं आणि मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. सूर दोन ठिकाणी पडतो. दादाचा म्हणून ऐकत होतो तेव्हा एकदाही पडला नव्हता. थांबायच्या जागी मला बाहेर जावं लागलं. तो मुलगा तिथे वाट बघत उभा आहे आणि खोलीत त्याचं कुणी नाही, एवढंच ऐकू येतं आता.

२८ फेब्रुवारी

आज शेवटचा दिवस. दादाचं नाव असतं तर निवेदन रविवारीच पाठवलं असतं. स्वतःचं म्हटल्यावर आपलंच घोडं दामटल्यासारखं वाटतं. गप्प बसलो तर तबकडी निघेल, आवाज जगभर ऐकतील, फक्त दुसऱ्याच्या नावाने. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं ज्यासाठी लोकांशी भांडलो तेच स्वतःच्या बाबतीत सोडलं तर कामाला काय अर्थ. दुपारी पाठवलं.

६ मार्च

संग्राहक सभ्य निघाला. तबकडी रद्द केली. पानावरचं बँडचं नाव काढून "कव्हर, हौशी गायक" असं लिहिलं, खाली माझं नाव. डब्यातली कोरी चिठ्ठीही टपालाने पाठवली, पिवळी पडलेली. सोबत एक ओळ: ही तुमची.

लोकांनी पाठ फिरवली. एकाने लिहिलं, वाटलंच होतं, थांबतो कुठला, चुकलाय तो. खरं आहे. मास्तरांनी लेख काढून टाकला. या आठवड्यात ते तेवीस वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या निम्म्या वेळा भट्टीवाली असावी, ती कबूल करत नाही.

चिठ्ठी भरायला घेतली होती. पेन टेकवलं आणि उचललं.

८ मार्च

पहिल्या बसने गेलो. या वेळी हाक मारली नाही, सरळ पुढे जाऊन त्याच्यासमोर बसलो. राग गेला नव्हता, तसं सांगितलंही. "मी रागावलोय तुझ्यावर."

"दिसतंय," तो म्हणाला.

चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. मग त्याने पेन घेतलं आणि गायक म्हणून माझं नाव लिहिलं. लहानपणी माझ्या वह्यांवर तोच नाव घालून द्यायचा, तशाच मोठ्या अक्षरात.

"म्हण आता," तो म्हणाला.

"तुला ऐकू येणार नाही."

"दिसेल की."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. चौसष्टाव्या वर्षी भरल्या घरात गायला लाज वाटते. पण दोनदा खाकरलो आणि सुरू केलं. आवाज फाटला, वरचा सूर लागला नाही. दादा माझ्या तोंडाकडे बघत टेबलावर बोटाने ठेका धरत होता. दुसरं कडवं संपलं. मोजणी नेहमीसारखीच चुकली, म्हणून मी थांबलो आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्याने मान डोलवली. मी उचललं.